एकाच चित्राचे आकडे दोनदा वेगळे का येतात?

प्रश्न : लँडसॅट उपग्रहाने एका दिवशी टिपलेले एकच चित्र मी काही वर्षांच्या अंतराने दोनदा उतरवून घेतले, तर त्यांतील आकडे थोडे वेगळे निघाले. खरे कोणते मानावेत? आणि नवे आल्यावर जुन्या नोंदी जपायच्या कशासाठी?

उत्तर : दोन्ही फायली एकाच निरीक्षणातून तयार झालेल्या आहेत, बदलली आहे ती प्रक्रिया. उपग्रहाकडून येतो तो संवेदकाचा कच्चा संकेत, आणि त्यातून जमिनीचे परावर्तन किंवा तापमान काढायचे तर संवेदकाचे अंशशोधन करावे लागते, म्हणजे त्याचे आकडे ज्ञात प्रमाणाशी जुळवून घ्यावे लागतात, वातावरणाचा परिणाम वजा करावा लागतो आणि प्रत्येक चित्रबिंदू नकाशावरील नेमक्या जागी बसवावा लागतो. या पद्धती सुधारल्या की संपूर्ण संग्रहावर नव्याने प्रक्रिया होते. आपल्या फायलींची नावेच नीट वाचून पाहा. त्यांत आठ आकडी दोन तारखा दिसतील : पहिली चित्र टिपल्याची, दुसरी प्रक्रिया केल्याची, त्यापुढचे ०१ किंवा ०२ हे संग्रहाच्या आवृत्तीचे.

कच्च्या नोंदी जपण्याचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते, ते ओझोनच्या उदाहरणामुळे. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली. निंबस-७ उपग्रहाच्या मापनांतही ती होतीच. मात्र १८० डॉबसन एककांखालच्या (डॉबसन हे वातावरणातील ओझोन मोजण्याचे एकक) मूल्यांवर संगणक-प्रणालीने संशयास्पद अशी खूण केली होती. ती मूल्ये पुसली गेली नव्हती, म्हणूनच ती पुन्हा तपासता आली आणि ओझोनच्या छिद्राचा विस्तार नकाशावर मांडता आला.

लँडसॅटचा संग्रह अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते सांभाळते. त्यात १९७२ पासूनची चित्रे आहेत आणि २००८ मध्ये तो सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला; त्यापूर्वी एकेका चित्रासाठी शेकडो डॉलर मोजावे लागत असल्याने दीर्घकालीन तुलना फार थोड्यांना परवडे. नासाची पृथ्वी-निरीक्षणेही विषयवार केंद्रांतून विनामूल्य मिळतात. चित्रासोबत येणारा गुणवत्तेचा थर मात्र अनेकजण उघडूनही पाहत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे, कारण कोणता चित्रबिंदू ढगाखाली वा सावलीत आहे हे तोच सांगतो.

आपल्या तुलनेसाठी नवी आवृत्ती ग्राह्य धरावी, परंतु एक वर्ष जुन्या आवृत्तीतून आणि दुसरे नव्यातून असे मिश्रण करू नये. सर्व वर्षांची चित्रे एकाच आवृत्तीतून पुन्हा उतरवून घ्यावीत आणि निष्कर्षांसोबत तिचा क्रमांक नोंदवावा.