नव्याने मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी: आधी खर्चाचं बोला

पहिल्याच भेटीत मुलांना 'कुठल्या कॉलेजात जायचंय?' असं विचारू नका. घरून किती पैसे देता येतील, हे आधी पालकांना सोबत बसवून विचारा. प्रश्न अवघड आहे, पण तो टाळला तर प्रवेश मिळूनही मुलाला तो सोडावा लागतो, आणि ते बघवत नाही.

कॉलेजकडून आर्थिक मदतीचं पत्र आलं की वहीत दोन रकाने पाडा. परत न करायची रक्कम एकात: शिष्यवृत्ती, अनुदान, फी माफी. कर्ज दुसऱ्यात. बरीच पत्रं हे सगळं एकत्र करून मोठी बेरीज दाखवतात. एकूण खर्चातून फक्त पहिला रकाना वजा करा. उरेल तो घरावरचा खरा भार. खर्चात फीसोबत राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवासही धरा. शिष्यवृत्ती दरवर्षी मिळणार की पहिल्या वर्षापुरतीच, त्यासाठी किती गुण टिकवावे लागतील, हे कॉलेजकडून लेखी घ्या. कर्जाचं व्याज शिकत असतानाच सुरू होतं का, हेही विचारा.

शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून मुलांना लांब ठेवा.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना महिनाभर आधी विनंती करायला सांगा. प्रवेश अर्जासोबतच्या निबंधातल्या चुका दाखवा, पण वाक्यं मुलाचीच राहू द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि ज्यांच्या घरातून कॉलेजात कुणीच गेलेलं नाही, ती मुलं बहुधा स्वतःहून विचारायला येत नाहीत. त्यांच्याकडे तुम्हीच जा, अर्ज सुरू होण्याच्या बरंच आधी.