हँडगार्ड घेताना आधी जोड बघा

रायफलचा पहिलाच हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) घेताय, तर लांबी-वजनाच्या आधी तो बॅरल नटवर, म्हणजे बॅरल रिसीव्हरला (रायफलच्या मुख्य सांगाड्याला) जखडणाऱ्या नटवर, कसा बसतो ते बघा. रेल (म्हणजे हा हँडगार्डच) टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. फ्री-फ्लोट हँडगार्ड बॅरलला कुठेच टेकत नाही, म्हणून सगळा भार त्या एका जोडावर येतो. नटवरची पकड लांब हवी, आणि हँडगार्ड फिरू नये म्हणून रिसीव्हरला अडणारे कान हवेत. दोन बारीक स्क्रूंच्या भरवशावर उभी असलेली रेल मी तरी घेणार नाही, विशेषतः पुढे लेझर लावायचा असेल तर. रेल किंचित वाकली तरी लेझरचं झिरो (जुळवून ठेवलेला नेम) हलतं.

६०६१-टी६ ॲल्युमिनियम बहुतेकांना पुरतं. ७०७५-टी६ जास्त मजबूत खरं, पण भिंती पातळ असतील तर नुसत्या आकड्याला भुलू नका. वर टाइप ३ हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा कडक संरक्षक थर) हवंच. चारही बाजूंना पिकाटिनी (सामान अडकवायची दातेरी पट्टी) असलेली रेल जड पडते आणि हाताला टोचते, एम-लॉक (सामान बसवायला नुसत्या खाचा असलेली) घ्या. गॅस ब्लॉक (बॅरलमधला वायू मागे वळवणारा, बॅरलवरचा ठोकळा) आत मावतो का, ते मोजूनच ठरवा. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा, त्यांवर रंगाची खूण करा आणि नेमबाजी झाली की ती सरकली का बघत जा.