नथीतले मोती खरे की खोटे?

प्रश्न : आजेसासूबाईंची नथ आणि तन्मणी माझ्याकडे आला आहे. घरात सगळे त्यांना ‘बसरा मोती’ म्हणतात. एका नातेवाइकांनी मोती व्हिनेगरमध्ये टाकून बघायला सांगितलं. घरच्या घरी खात्री कशी करावी?

उत्तर : व्हिनेगर मुळीच नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळतं. मोती खरा निघेल, पण त्याचं पाणी गेलेलं असेल. काडी पेटवून किंवा सुईने ओरखडून पाहणंही तितकंच घातक.

आधी तन्मणी घ्या. मऊ कोरड्या कापडाने पुसून एक मोती वरच्या पुढच्या दातांच्या कडेवर हलकेच आडवा फिरवा. खरा मोती सूक्ष्म चकत्यांच्या थरांनी वाढतो, म्हणून दाताला बारीक रेतीसारखी करकर लागते. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर लेप दिलेला मोती गुळगुळीत सरकतो. कवळी असेल तर सरातले दोन मोती एकमेकांवर हळूच घासा. खऱ्यांची पिठासारखी किंचित भुकटी निघते, ती पुसली की मोती पूर्ववत दिसतो.

एवढ्यावर निकाल देऊ नका. लेप जुना होऊन खडबडीत झाला की खोटा मोतीही दाताला खरखरीत लागतो. खरी साक्ष भोकाची. १० पटीच्या भिंगातून पाहा : खोट्याच्या भोकापाशी लेपाचे पापुद्रे सुटलेले असतात, आत काच चकाकते. खऱ्याची कड स्वच्छ, रेखीव असते. तन्मणी पटवेकऱ्याकडे गाठवायला द्याल तेव्हा मोती सुटे होतात, भिंग सोबत न्या. नथीत तारेमुळे भोक नीट दिसत नाही. तिथे तार वाकवू नका, जुनी तार तुटते. दोन मोती जिथे एकमेकांना टेकतात तिथे पाहा, घासून घासून लेप तिथूनच उडतो.

वजनावर फार विसंबू नये. प्लॅस्टिक हलकं म्हणून लगेच ओळखू येतं, काच मात्र जवळपास मोत्याइतकीच जड आणि तशीच गार लागते.

आता ‘बसरा’. इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांचं हे बाजारातलं नाव. संवर्धित मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोती, हासुद्धा शिंपल्यातच वाढतो, त्यामुळे वरच्या सगळ्या परीक्षांत तोही खराच ठरतो. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो या मोती-उद्योजकांना असे अर्धगोल मोती वाढवण्यात १८९३ साली यश आलं, गोल मोती त्यानंतर साधले आणि विसाव्या शतकात ते जगभर विकले गेले, तेव्हा दागिना आजेसासूबाईंचा आहे म्हणून मोती बसराच, असं धरता येत नाही. हा फरक मोत्याच्या पोटात असतो आणि तो घरी कळत नाही. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत एक्स-रे काढून घ्या. मोती फोडावा लागत नाही. तो अहवाल हाती येईपर्यंत दागिना बसरा म्हणून विकू नका आणि साधा समजून मोडूही नका.