हंडा मोर्चाची केस आणि भरतीचा फॉर्म

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची, बारावी झालेली. दोन वर्षं पोलीस शिपाई भरतीची तयारी करतेय. 800 मीटर तीन मिनिटं पाच सेकंदांत येतं. तीन वर्षांपूर्वी गावाला टँकर येईना म्हणून आम्ही हंडे घेऊन रस्ता अडवला होता. तीसेक जणांवर भादंवि 143 आणि 341 (बेकायदा जमाव आणि वाट अडवणं) लागलं, त्यात माझंही नाव आहे. सरपंच म्हणतात, केस केव्हाच मागे घेतलीय, फॉर्मात काही लिहू नकोस. अकादमीतले सरही तेच म्हणतात. काय करू?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : पोरी, लिही. विचारलंय तिथं सगळं लिही.

नोकरीतली माझी शेवटची सहा वर्षं चारित्र्य पडताळणीच्या टेबलावर गेली. एका पोराची मैदानी चाचणी झाली, लेखी झाली, मेडिकलही झालं. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती सही करून द्यायच्या फॉर्मात, ‘गुन्हा दाखल आहे का’ यापुढं त्यानं ‘नाही’ लिहिलं. जत्रेतल्या मारामारीची केस होती, सुटलाही होता. ‘सुटलोय म्हणजे नाहीच की,’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. आमच्याकडं ठाण्याचा अहवाल आला आणि त्याची निवड रद्द झाली. मारामारीपेक्षा ते ‘नाही’ त्याला भोवलं. त्याचे वडील माझ्या टेबलासमोर तासभर उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणून तुला इतकं जीव तोडून सांगतेय.

अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली हे बरंच स्पष्ट केलंय. उमेदवारानं दिलेली माहिती खरीच हवी. लहान वयात घोषणा देण्यासारखं क्षुल्लक प्रकरण असेल, तर ते दडवलं तरी नेमणूक करणारा अधिकारी आपल्या अधिकारात माफ करू शकतो. करू शकतो, केलंच पाहिजे असं नाही. आणि खरं सांगितलेलं किरकोळ प्रकरण कोर्टात चालू असलं, तरी निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. तुझी केस पाण्यासाठीची आहे, चोरीची नाही. ती उघड मांडलीस तर तुझ्या बाजूनं बोलायला जागा आहे. दडवलीस तर ती जागा तू स्वतःच घालवशील.

आता सरपंचांच्या शब्दाचं. शासनानं खटला मागे घ्यायचं ठरवलं तरी कोर्टाची परवानगी लागते, तोवर तो कागदावर जिवंतच असतो. मुंबईत निर्णय झाला आणि तालुक्याच्या कोर्टात तारखा पडतच राहिल्या, असं मी पाहिलंय. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर तुझं नाव टाकून बघ, नाहीतर ठाण्यातून गुन्हा रजिस्टर नंबर घे आणि थेट कोर्टात जा. एफआयआर, दोषारोपपत्र आणि आदेश यांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज कर. खर्च फार नाही, पण हेलपाटे होतात. भरती निघायची वाट बघू नकोस.

मैदानाचं थोडक्यात. मुलींना 800 मीटर 20 गुणांचं, 100 मीटर 15, गोळा 15. पन्नासात निम्मे मिळाले तर पात्र, पण लेखीला एका जागेमागं दहाच जण बोलावतात, म्हणून 25 वर समाधान मानू नकोस. 800 ला पैकीच्या पैकी हवे असतील तर दोन मिनिटं पन्नासच्या आत ये. पंधरा सेकंद काढायचेत, निघतील. गोळा चार किलोचा असतो. गावात दगड फेकून सराव करणाऱ्या पोरी मी बघितल्यात. दगडाची पकड वेगळी, मैदानात गोळा हातातून निसटतो. चार जणींनी वर्गणी काढून खरा गोळा घ्या.

नक्कल हातात आली की शेवटच्या आदेशात काय लिहिलंय ते शब्दाला शब्द मला कळव. ‘खटला मागे’, ‘निर्दोष’, ‘दंड’ की अजून तारीख, त्यावर रकान्यात नेमकं काय लिहायचं ते ठरेल.