बी.ए. करून भेटते काय?

"पाच एकर कोरडवाहू हाय मॅडम. तीन वर्सं बी.ए. करून पोरीले भेटते काय? गावातले बी.ए. झालेले पोट्टे पारावर बसून हायत. नर्सिंग केलं तं दवाखान्यात तरी लागंन."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले हे वडील. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न दर जून महिन्यात माझ्यासमोर येतो आणि त्यामागची भीती खरी असते. कापूस हातात येईपर्यंत पैसा नाही, आला तर आधी कृषी केंद्राची उधारी.

मुलीशी एकटीशी बोलले. रक्त पाहिलं की तिला भोवळ येते, हे तिने घरी सांगितलंच नव्हतं. तिला इतिहास शिकायचा होता. "काहून?" विचारलं, तर म्हणाली, "आपल्याकडं सगळे कापूसच काहून पेरतात, हे मले कोणी सांगत नाही."

वडिलांना मी नोकरीची हमी दिली नाही. ती खोटी ठरली असती. म्हटलं, सोबत टायपिंग, कॉम्प्युटर करू द्या, पोटाची काळजी सोडायची नाहीच. पण नोकरी लागो न लागो, सातबारा, कर्जाचे कागद, पुढाऱ्याची भाषणं तिच्यासमोर जन्मभर येणार आहेत. ती स्वतः वाचून तपासता येणं, हेही शिक्षणच आहे. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकऱ्याचे पोर. विलायतेत त्यांनी प्रबंध लिहिला तो वेदांतल्या धर्मावर आणि 1952 ते 1962 देशाचं कृषिखातं सांभाळलं. ते ऐकून वडील एवढंच म्हणाले, "ते मोठे लोक." तरी एक वर्ष पाहू, यावर तयार झाले.

दुसऱ्या वर्षी तिला कापसावर प्रकल्प लिहायचा होता. त्यासाठी तिने वडिलांनाच विचारलं. एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारच विकत घ्यायचं तेव्हा (ही योजना 1972 पासूनची), खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची. लहानपणी ते गाडीतल्या कापसावर झोपायचे, नंबर यायला दोन-दोन रात्री जायच्या. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. मग तिने त्यांना 1861 ते 1865चं अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगितलं: तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला आणि युद्ध संपताच कोसळला.

"म्हंजे आपला भाव तवाही दुसऱ्याच्याच हातात होता," ते मला सांगत होते. आवाजात राग होता, पण पहिल्या भेटीतली हताशा नव्हती. असा राग मला मोलाचा वाटतो.

निघताना त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेली, पिवळी पडलेली पावती होती, त्यांच्या बापाच्या नावाची, कापसाची.

"घरी पेटीत सापडली. तिच्या कामाची हाय का, पाहा बरं."