चकचकीत लाल एसएल, आणि कार्पेटखालचा ओलावा

प्रश्न: नमस्कार, कित्येक वर्षं जिची वाट बघत होतो ती गाडी शेवटी विकायला आलीय. मर्सिडीज ४५० एसएल, १९७८ची, लाल, कापडी टपाची. मालक म्हणतो पूर्ण रिस्टोर केलीय, फक्त ७० हजार किलोमीटर पळालीय आणि गेली ६ वर्षं झाकून ठेवलेली होती. मी बघायला गेलो तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, इंजिन मस्त वाजत होतं, पेंट तर आरशासारखा. आत फक्त थोडा कोंदट वास आला, तर म्हणाला बंद असते ना म्हणून. दोन दिवसांत सांगा म्हणतोय. घेऊ का?

उत्तर: थांबा. गाडी वाईटच आहे असं नाही म्हणत मी, पण तुम्ही ज्या दोन गोष्टी सहज लिहून गेलात ना, कोंदट वास आणि आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन, नेमक्या त्याच दोन गोष्टींसाठी तुम्हाला परत जायला हवं. आणि दोन दिवसांची घाई मालकाला असेल, तुम्हाला नाहीये. ही आर१०७ मालिका (तुमची एसएल ज्या पिढीतली, तिचं कंपनीतलं नाव) १९७१ ते १९८९ अशी तब्बल १८ वर्षं बनत होती, दोन लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे ही गेली तर दुसरी मिळेल.

आधी वासाचं बोलू, कारण या गाडीचं मरण इंजिनात नाही, पत्र्यात आहे. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जी जाळी असते तिथून पावसाचं पाणी आत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली निघून जायला पाहिजे. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा कचरा त्या भोकांत बसतो, पाणी हीटरच्या डब्यामागे साचून राहतं आणि इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, म्हणजे फायरवॉल, आतून सडायला लागते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि ती दुरुस्त करायची तर डॅशबोर्ड काढा, हीटर काढा, मग कापाकापी आणि वेल्डिंग. त्यापुढे इंजिनचं काम पण सोपं वाटेल.

मी एकदा एक चंदेरी एसएल बघायला गेलो होतो, तीही अशीच, नुकताच पेंट मारलेली. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट हाताने दाबलं तर खालच्या फोममधून बोटांच्या मध्ये पाणी आलं, गार आणि गंजाने तांबूस झालेलं. पाऊस होऊन चार दिवस झाले होते. टॉर्च घेऊन पेडलच्या वर बघितलं तर पत्र्याचे पापुद्रे सुटलेले, नखाने निघत होते. मालक शेजारीच उभा होता, त्यालाही माहीत नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून मला खरंच वाटलं. म्हणून सांगतो, समोरचा प्रामाणिक असला तरी कार्पेट उचलाच. आणि मालकाला विचारून एक बाटली पाणी त्या जाळीत हळूहळू ओता, ते लगेच गाडीखाली जमिनीवर पडायला हवं. आतच राहिलं किंवा पायाशी उतरलं तर वास कशाचा होता ते कळलंच.

मग खाली वाका. जॅक लावायच्या चार जागा आणि दारांखालच्या पट्ट्या नीट बघा, कारण वर छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार तिथेच असतो. मालकाची परवानगी घेऊन एका बाजूला जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार उघडबंद करून बघा, दार अडलं किंवा फट कमीजास्त झाली तर बॉडी मऊ पडलीय असं समजा. चाकांच्या वरच्या कडांना फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक लावा, जिथे चिकटत नाही तिथे पेंटखाली पुट्टी आहे. डिकीतलं स्पेअर चाक उचला, कापडी टप जिथे घडी होऊन बसतो त्या खणाच्या तळाशी हात घालून बघा, तिथलीही भोकं तुंबतात. पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या आडव्या लोखंडी तुळईला, सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथे बारीक तडे जातात, तेही बघून घ्या. आणि 'पूर्ण रिस्टोर' म्हणतायत तर पेंटच्या आधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम करून घेतलंय तो फोटो आनंदाने दाखवतो.

इंजिनसाठी आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून गार आहे ना बघा. हे साडेचार लिटरचं व्ही८ नीट सांभाळलं तर प्रचंड टिकतं, पण त्याच्या टायमिंग चेनला (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वयाने कडक होतात आणि तुटतात, तुकडा चेनमध्ये अडकला की इंजिन गेलं. थंड इंजिन सुरू होताना खडखडाट आला आणि तो थांबला नाही तर सावध व्हा. पट्ट्या आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर कधी बदलले त्याचं बिल विचारा, नसेल तर घेतल्यावर पहिलं काम तेच. वरून टिकटिक येत असेल तर कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तेल पोचवणाऱ्या नळीचे प्लास्टिकचे जोड तुटलेले असू शकतात.

६ वर्षं उभी म्हणजे टाकीत जुनं पेट्रोल. यात बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे, म्हणजे इंजिनला पेट्रोल फवारून देणारी यंत्रणा, त्याला घाण आणि गंज अजिबात सहन होत नाही. चांगली अर्धा तास चालवा, बंद करा, २० मिनिटं गप्पा मारा, मग परत सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला त्रास देत असेल तर पेट्रोलचा दाब टिकत नाहीये, आणि तो खर्च भावात धरा.

७० हजारांवर मी फार विसंबणार नाही, या गाड्यांचे किलोमीटरचे काटे बंद पडतात. पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड जास्त खरं सांगतात. चेसिस नंबरची सुरुवात १०७०४४ अशी आहे ना, तेही बघा, ४५० एसएलचा तोच.

फायरवॉल कोरडी निघाली तर चेन, इंजेक्शन, टप, सगळं दुरुस्त होतं, भावातून वजा करा आणि घ्या. ती सडलेली असेल तर फुकटात मिळाली तरी माझा सल्ला नाही असाच आहे.

प्रश्न: त्याच गाडीबरोबर हार्डटॉप, म्हणजे वरून बसवायचं टणक छप्पर, देतोय, पण वेगळे पैसे मागतोय. गरज आहे का?

उत्तर: थंडीपावसात वापरणार असाल तर घ्या, नंतर त्याच रंगाचा शोधणं जिवावर येतं. पण आधी गाडीवर बसवून दाखवायला सांगा, दोघांनी उचलायचं वजन आहे ते, आणि लॉक फिरवायची सुटी दांडी बरोबर आहे का ते विचारा, ती हमखास हरवलेली असते. बसवल्यावर काचा वर करून कडेच्या रबरांवर पाणी मारा.