इग्निशन बॉक्स बसवला, स्पोर्ट्स कार पेटली आणि विमा कंपनीने हात वर केले

प्रश्न: माझ्याकडे १९६५ सालची एमजीबी ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिनातली ठिणगी वेळेवर पाडणारे जुने पॉइंट्स सारखे दगा देत, म्हणून मी परदेशातून त्यांचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बॉक्स मागवला आणि नागपुरातल्याच एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. आठवड्याभरातच वेस्ट हायकोर्ट रोडवर डॅशबोर्डखालून धूर आला आणि आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण वायरिंग, डॅशबोर्ड आणि एक सीट जळाली. ‘परवानगीशिवाय वाहनात बदल, कलम ५२चा भंग’ एवढंच लिहून विमा कंपनीने दावा फेटाळला. गॅरेजवाले म्हणतात, बॉक्स तुमचाच होता. चाळीस हजार घ्या, सही करा आणि जळालेला बॉक्स आम्हाला द्या, कंपनीकडे तपासायला पाठवतो. शिवाय आरटीओ मागे लागेल का, ही भीती आहेच. काय करू?
— एक वाचक, धंतोली

उत्तर: सगळ्यात आधी, तो बॉक्स कुणालाही देऊ नका आणि त्या कागदावर सही करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

आग कशामुळे लागली हे सांगू शकणारी वस्तू एकच आहे: तो बॉक्स आणि त्याच्या वायरींची जळालेली टोकं. ती हातातून गेली की उरतो फक्त तुमचा शब्द आणि गॅरेजचा शब्द. दोन त्रयस्थ माणसांसमोर फोटो काढा. कोणती वायर बॅटरीच्या कोणत्या टोकाला होती आणि मधे फ्यूज होता की नव्हता, हे त्यात स्पष्ट दिसू द्या. मग साधा पंचनामा लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन बॉक्स सीलबंद करा. तोवर गाडी दुरुस्तीला उघडू नका. अग्निशमन दलाची गाडी आली असेल तर महापालिकेकडून आगीचा दाखला मागून घ्या.

सही का नाही, तेही सांगतो. विमा कंपनीने तुम्हाला भरपाई दिली, की दोषी माणसाकडून ती वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच ‘माझी काही तक्रार उरली नाही’ असं लिहून दिलंत, तर कंपनी म्हणेल की आमचा वसुलीचा मार्ग तुम्हीच बंद केलात. म्हणजे चाळीस हजारांपायी दोन्ही दारं बंद. गॅरेजवाल्यांच्या मनात तसं नसेलही, पण कागदाचा परिणाम तोच.

आता कलम ५२. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधल्या या कलमाचा रोख नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलावर आहे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी तो जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ‘बदल’ म्हणजे काय, हेही कलमातच दिलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूळ स्वरूप बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि विमा कंपन्या तेव्हापासून तो निकाल पुढे करतात. पण त्या निकालाचाही भर नोंदणीत नमूद होणाऱ्या तपशिलावरच आहे. तुमचं आरसी बुक उघडा आणि ओळ न् ओळ वाचा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, घनक्षमता, इंधन, आसनसंख्या, वजन, रंग. इग्निशन बॉक्सने यातलं काय बदललं? माझ्या मते काहीही नाही.

त्याहून मोठा मुद्दा असा की सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीखाली पहिलंच संकट ‘आग, स्फोट, आपोआप पेट’ असं असतं. ‘विद्युत बिघाड’ वगळलेला असतो, हे खरं. म्हणून निकामी झालेल्या बॉक्सची किंमत मिळणार नाही. जास्तीच्या विद्युत उपकरणांसाठी वेगळा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करावी लागते. पण बिघाडातून पेटलेली आग ही आगच. कंपनीने नकाराच्या पत्रात एकच कारण दिलं आहे, हेही तुमच्या पथ्यावर पडतं. पत्रात नसलेलं कारण नंतर खटल्यात काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणून ते पत्र जपून ठेवा आणि नुकसान पाहायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. अटीचा भंग झालाच असं मानलं, तरी अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) न्यायालयाने ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर अंशतः भरपाईचा मार्ग मान्य केला आहे. तो पर्यायी मागणी म्हणून जरूर लिहा.

गॅरेजचा दोष मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. एमजीबीमध्ये १९६७च्या अखेरीपर्यंत पॉझिटिव्ह अर्थिंग होतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. बाजारातले बहुतेक इग्निशन बॉक्स निगेटिव्ह अर्थिंगसाठी बनतात. अशा बॉक्सचं आवरण आतून ऋण टोकाशी जोडलेलं असेल आणि ते तुमच्या गाडीच्या बॉडीला टेकलं, तर थेट शॉर्ट होतो. फ्यूज नसेल तर वायर तापून पेट घेते. तुमच्या बाबतीत हेच झालं का, ते विद्युत अभियंत्यानेच सांगावं. तक्रार ग्राहक आयोगात गेली, तर आयोगालाही बॉक्स प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो. पण मागच्या मालकाने अर्थिंग बदललं होतं का, हे बॉक्स जोडण्याआधी पाहणं मेकॅनिकचं काम होतं. ते केलं नसेल तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी आहे. ‘बॉक्स तुमचाच होता’ हा बचाव तेवढ्याने पुरत नाही, कारण तुम्ही पैसे बसवण्याच्या कौशल्याचे दिले होते.

तुमच्या विरोधात जाईल तेही ऐका. बॉक्सच्या माहितीपत्रकात ‘फक्त निगेटिव्ह अर्थिंग’ असं ठळक छापलेलं असेल, तर उत्पादकावर दावा टिकणं कठीण. ते पत्रक तुम्ही गॅरेजला दिलं नसेल, तर भरपाईत थोडी कपात होऊ शकते. बिलावर ‘इग्निशन बॉक्स फिटिंग’ असं लिहिलंय ना? बिलच नसेल, तर मोबाइलवरचे निरोप आणि पैसे भरल्याची नोंद काढून ठेवा.

दाद कुठे मागायची? विमा लोकपालाकडे, नागपूरसाठी पुण्याच्या कार्यालयात, नकारानंतर वर्षाच्या आत खर्चाविना जाता येतं. पण तिथे गॅरेजला ओढता येत नाही. तेच प्रकरण ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. तुमच्या बाबतीत दोघांनाही समोर उभं करायला हवं, म्हणून मी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात एकच तक्रार करा म्हणेन. मुदत दोन वर्षांची आहे. शुल्क दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि पाच लाखांपर्यंत ते लागत नाही. त्याआधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस द्या.

रकमेबाबत अपेक्षा मात्र बेताची ठेवा. दहा वर्षांहून जुन्या गाडीत धातूच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते, रबर-प्लॅस्टिकवरही तेवढाच. उरलेली तफावत गॅरेजकडून मागायची आहे, म्हणूनही दोघे एकाच तक्रारीत हवेत.

आरटीओचं भय सोडा. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे हे खरं. पण ती कायद्याने परवानगी नसलेल्या बदलाला लागते, आणि वर म्हटल्याप्रमाणे तुमचा बदल त्यात बसत नाही. दुरुस्तीनंतर पीयूसी नवं काढा. गाडी विंटेज म्हणून, म्हणजे ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या खास क्रमांकाने नोंदलेली असेल, तर मात्र मला ते कळवा. अशा गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाहीत. त्या दिवशी तुम्ही कुठे आणि कशासाठी निघाला होतात हे विमा कंपनी नक्की विचारेल, आणि त्याचं उत्तर तक्रार दाखल होण्याआधी आपल्याकडे लेखी असलं पाहिजे.